दोन चारशे शहाऐंशी

संक्रांतीच्या त्या आठवड्यात परभणीतून एसटी सुटेल की नाही, याचा कुणालाच भरवसा नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय नुकताच जाहीर झाला होता. कुठे तणाव, कुठे बंद. पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरसाहेबांना जीपने सोनपेठकडे जायचं होतं, पण पोलिसांनी दोन-तीन दिवस थांबायला सांगितलं. मग ते स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम करून रोज सकाळी चालत आमच्या संगणक केंद्रात येऊन बसू लागले. ते अडकले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

केंद्र म्हणजे सरांच्या घराची पुढची खोली. सर गणिताचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन संगणक घेतले आणि शिकवणी सुरू केली. पहिल्या तुकडीत मी होते. माझं गाव सोनपेठ, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. गणित घेऊन बीएस्सी झाले, परभणीला मामांकडे राहिले, आणि शिकता शिकता त्याच केंद्रात शिकवायला लागले. आणखी एक शिक्षक होते, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. निर्णय जाहीर झाला त्या दिवशी ते सकाळीच पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. सरांनी पहिला पेढा उचलला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सोळा वर्षं लागली." सरांच्या घरचा तिळगूळ आणि ते पेढे आम्ही एकाच ताटलीत घेऊन खाल्ले.

साहेबांचं काम विहिरींचं होतं. पोखर्णी, राणीसावरगाव आणि सोनपेठ या तीन भागांतल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजली जात होती. एका विहिरीचं पाणी उपसलं की शेजारच्या विहिरीचं किती उतरतं, आणि उन्हाळ्यात कुठल्या विहिरीत किती राहील, हे त्यांना आकड्यांत हवं होतं. तो हिशेब करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. सगळ्या शिवाराचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या चार चौकोनांशी ताडून बघायचं, आणि असं हजार वेळा करायचं. सरांनी गणित तपासलं होतं. आमच्या नव्या डेस्कटॉपवर एका भागाला अकरा मिनिटं लागत. मला त्या अकरा मिनिटांचा फार अभिमान होता, कारण जुन्या मशीनवर तेच काम दुपारभर चालायचं.

साहेबांनी काळ्या बॅगेतून लॅपटॉप काढला तेव्हा आम्ही तिघंही उठून टेबलाभोवती उभे राहिलो. परभणीत तोपर्यंत आम्ही लॅपटॉप मासिकातच पाहिला होता. झाकण उघडलं, करडा पडदा उजळला. वायर नाही, स्टॅबिलायझर नाही.

"यातही चारशे शहाऐंशी प्रोसेसर आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या डेस्कटॉपसारखाच. तेहतीस मेगाहर्ट्‌झ, तोही तेवढाच. आता हिशेब जीपमध्येच होतील. आकडे इथपर्यंत आणायचं कारणच उरणार नाही."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. आपलं काम सोपं झालं एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण ते काम आमच्या केंद्राचं होतं. सर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला ते सहन झालं नाही.

"साहेब, एकदा दोन्हीवर तोच प्रोग्राम चालवून बघूया का?" मी विचारलं.

"बघा की," ते हसून म्हणाले. "आज तरी मला जायचं कुठं आहे?"

मी प्रोग्राम आणि पोखर्णीचे आकडे फ्लॉपीवर घेऊन लॅपटॉपवर उतरवले. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली. एकावर माझं बोट, दुसऱ्यावर माझ्या जोडीच्या शिक्षकांचं. सरांनी मनगटी घड्याळ काढून हातात धरलं आणि "हां" म्हणाले. शंभर फेऱ्या झाल्या की प्रोग्राम पडद्यावर एक ओळ लिहायचा. डेस्कटॉपवर पहिली ओळ मिनिटभरात आली. मग दुसरी, तिसरी. अकरा मिनिटांनी दहाही ओळी आल्या तेव्हा लॅपटॉपवर एकच ओळ होती.

साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. पुढचा तासभर आम्ही त्या पडद्याकडे बघत होतो. चहा आला, गेला. लॅपटॉपचं काम संपलं तेव्हा घड्याळात एक तास वीस मिनिटं झाली होती. उत्तर मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत तेच होतं.

"प्रोग्राममध्ये काहीतरी असणार," साहेब म्हणाले. "तुम्ही तो तुमच्या मशीनवर बसून लिहिलाय. तिला सोयीचा झाला असेल. प्रोसेसर एकच असताना सातपट फरक पडेल कसा?"

आपलंच चुकलं असेल, असं वाटायला लागलं. मी मुकाट्याने यंत्रावरचं कापड सारखं केलं आणि मामांच्या घरी आले.

सकाळी मामी अंगणात सडा टाकत होती आणि मी पायरीवर वही घेऊन बसले होते. माझ्या प्रोग्रामवर शंका असेल तर तो प्रोग्रामच बाजूला ठेवावा, हे मला तिथं सुचलं. दोनच छोटे प्रोग्राम लिहायचे, दहा-दहा ओळींचे. एकात फक्त पूर्णांकांची बेरीज, लाखो वेळा. दुसऱ्यात तशीच बेरीज, जरा कमी वेळा, पण अपूर्णांकांनी, दशांश चिन्हाच्या आकड्यांनी. त्यात ना विहीर, ना चौकोन. कुणाला सोयीचं असण्याचा प्रश्नच नाही.

केंद्र उघडायच्या आधी मी दारात होते. साहेब आले तेव्हा पहिला प्रोग्राम दोन्ही यंत्रांवर तयार होता.

पूर्णांकांच्या बेरजेला डेस्कटॉपला बावन्न सेकंद लागले. लॅपटॉपला त्रेपन्न.

"बघा," साहेब म्हणाले. "सारखेच आहेत."

"आता दुसरा," मी म्हणाले.

अपूर्णांकांना डेस्कटॉपने एक्केचाळीस सेकंद घेतले. लॅपटॉप चालतच राहिला. दोन मिनिटं, चार मिनिटं, सात मिनिटं. साहेबांनी स्वतःचं घड्याळ काढलं. साडेनऊ मिनिटांनी उत्तर आलं.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "माझ्यासमोर. बटण मी दाबतो."

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. आता त्यांचा चेहरा बदलला होता. राग नव्हता त्यात, एखादं गणित अडल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. त्यांनी लॅपटॉप बंद करून उलटा केला आणि खालची बारीक अक्षरं खिडकीच्या उजेडात वाचली. सरांनी कपाटातून डेस्कटॉपचं पुस्तक काढून पान उघडलं.

लॅपटॉपवर आकड्यापुढे लिहिलं होतं, एसएक्स. आमच्या पुस्तकात होतं, डीएक्स.

पुस्तकात पुढे सगळा खुलासा होता. डीएक्समध्ये अपूर्णांकांच्या हिशेबाचा एक वेगळा भाग प्रोसेसरच्या आतच बसवलेला असतो. एसएक्समध्ये तो भाग चालत नाही. मग प्रोसेसर अपूर्णांकाची एकेक बेरीज पूर्णांकांच्या ढीगभर लहान पायऱ्यांत मोडून करतो. उत्तर बरोबर येतं, वेळ मात्र लागतो. आणि माझा विहिरींचा प्रोग्राम म्हणजे वरपासून खालपर्यंत अपूर्णांकच होते.

साहेबांनी लॅपटॉप सुलटा करून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती दोन अक्षरं मी वाचली होती. विकणाऱ्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, काही फरक नाही. मी मान डोलावली." आणि मग, "काल तुमच्या प्रोग्रामला नाव ठेवलं, ते चुकलं माझं."

पन्नाशीला आलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस माझ्यासारख्या चोवीस वर्षांच्या मुलीला हे सरांसमोर सांगत होता. मी "चहा सांगू का?" असं काहीतरी म्हणाले.

त्यांनी मला हे सगळं दोन पानांत लिहून द्यायला सांगितलं. मी त्या दुपारी बसून लिहिलं, आणि जिंकल्याच्या भरात लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपपेक्षा मंद आहे.' सरांनी पान वाचलं, लाल पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

"कशात मंद?" त्यांनी विचारलं.

"अपूर्णांकात."

"मग तेवढंच लिही. पूर्णांकात एका सेकंदाचा फरक आहे. तोही तूच मोजलास ना? आणि लाइट गेल्यावर काय, ते कुठंय?"

ते मी लिहिलंच नव्हतं. लाइट गेली की आमचा डेस्कटॉप बॅटरीच्या डब्यावर जेमतेम सात मिनिटं तग धरायचा, आणि त्या दिवसांत लाइट रोजच जायची. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही, पण ती लिहायची नव्हती. सरांना ते कळलं असावं, कारण त्यांनी फक्त कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पुन्हा मोजायला बसले. लॅपटॉपची वायर काढून तो बॅटरीवर चालवला. पूर्णांकांच्या ज्या बेरजेला त्रेपन्न सेकंद लागत होते, तिला आता एक मिनिट चाळीस सेकंद लागले. बॅटरी पुरावी म्हणून तो आपणहून सावकाश चालत होता. हेही साहेबांना माहीत नव्हतं. पण तसा सावकाश का होईना, तो जवळजवळ दोन तास चालला, आणि मधे अर्धा तास लाइट गेली तेव्हा खोलीत तेवढा एकच पडदा उजळलेला होता. हार्डडिस्कवरून विहिरींची यादी क्रमाने लावायला त्याला थोडा जास्त वेळ लागला. आकडे भरून घेताना मात्र दोन्हींत काहीच फरक जाणवत नव्हता, कारण तिथं वाट बघायची ती माणसाच्या बोटांची.

आमचे शिक्षक घड्याळ धरून बसले, मी लिहीत गेले. प्रत्येक मोजणी तीन वेळा. दोन्ही यंत्रांच्या बाबतीत जे खरं होतं ते सगळं दोन पानांत आलं. शेवटी मी माझं मत लिहिलं: आकडे भरायला आणि जागेवर तपासायला लॅपटॉप विहिरीवर न्यावा, पाण्याचा हिशेब परभणीत डेस्कटॉपवर करावा. सरांनी वाचलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि खाली सही केली. त्यांची सही एवढ्या सहज मिळत नसे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "असंच करू," ते म्हणाले. "पण लॅपटॉप चालवायला विहिरीवर तुम्हीच चला."

गाड्या सुरू झाल्यावर आम्ही निघालो. आधी पोखर्णी. मग राणीसावरगाव. तिथं एका विहिरीवर मोजणाऱ्या माणसाने टेप सोडला आणि "तेरा फूट" असं ओरडून सांगितलं. मी जीपच्या मागच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. आकडा भरला तसा यंत्राने आवाज दिला. मागच्या महिन्याच्या आकड्यापासून फार लांब गेला की आवाज दे, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. मागच्या महिन्यात त्या विहिरीचं पाणी तीस फुटांवर होतं.

शेताची मालकीण तिथंच उभी होती. मी तिला विचारलं, "मावशी, मधे पाणी एवढं वर आलं होतं का?"

"कशाचं वर येतंय," ती म्हणाली. "संक्रांत सरली की आमच्या हिरीचं पानी खालीच जातंय की. तेरा फुटावर तर ते पोळ्याला बी नसतंय."

टेप पुन्हा सोडला. एकतीस फूट. त्या माणसाने आकडा उलटा वाचला होता. आधी अशी चूक परभणीत महिन्याभराने कळायची, आणि तोवर विहिरीचं पाणी कुणीकडचं कुणीकडे गेलेलं असायचं. साहेब जीपला टेकून बघत होते. ते म्हणाले, "हे तुमच्या डेस्कटॉपला जमलं नसतं." मी म्हणाले, "नसतंच जमलं. ते पान दोनवर लिहिलंय मी."

सोनपेठला पोचलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. शाळेच्या एका खोलीत टेबल मिळालं. आपल्याच गावात असं यंत्र उघडून बसताना मला थोडा संकोच वाटत होता. खिडकीत माणसं गोळा झाली. आणि बाजाराच्या भर गर्दीत, दुकान चुलत्यांवर सोडून, माझे वडील, अप्पा, आले. पांढरं धोतर, टोपी, गळ्यात लिंगाची डबी. बाजाराच्या दिवशी अप्पा दुकानाची गादी सोडत नसत, त्यामुळे त्यांना दारात बघून मी उठूनच उभी राहिले.

"बस बस," ते म्हणाले. "ही का ती मशीन? परभणीच्या मोठीपेक्षा ही बारकी जल्दी चालती म्हनं?"

"कोण म्हणलं अप्पा?"

"बाजारात म्हनायलेत."

"न्हाई अप्पा. पूर्ण आकडे असले तर दोघी सारख्याच. अपूर्णांक आले की ही लय मागं पडती. मी मोजलंय."

अप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजी पुरं मीटर मोजायला दोघी सारख्या, आन् पाव मीटर, पाऊन मीटर आलं की ही अडती."

"हां. तसंच."

"मंग कापडाच्या दुकानात न्हाई चालायची," ते गंभीरपणे म्हणाले, आणि खिडकीतली माणसं हसली.

साहेब पुढे आले आणि त्यांनी अप्पांना नमस्कार केला. "आमची चूक तुमच्या मुलीनं काढली," ते म्हणाले. "आम्ही पुण्यात अजून अशा दोन मशीन घेणार होतो. आता घेण्याआधी हिचे ते दोन छोटे प्रोग्राम चालवून बघणार."

अप्पांनी नुसते हात जोडले. पण संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा ते एका गिऱ्हाइकापुढे लुगड्याची घडी उलगडत सांगत होते, "पुन्याच्या सायबाची मशीन आमच्या पोरीनं घड्याळ लावून तपासली. तीनदा. आन् सायबानं ऐकलं की तिचं." मी खांबाआड थांबले. ते आपल्याविषयी कुणाशी असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

परभणीला जाताना त्यांनी मला दोन वर्षांची मुदत दिली होती. दोन वर्षं शीक, मग स्थळं बघू. ती मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती आणि घरी तसं बोलणं सुरूही झालं होतं. रात्री जेवताना आईने तोच विषय काढला. अप्पांनी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "ऱ्हाऊ दे तिला परभणीलाच. काम हाय तिचं तिथं." आई माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे बघत होते. पुढे माझं लग्न झालं, माझ्या पसंतीने आणि आणखी तीन वर्षांनी, पण ती वेगळी गोष्ट.

तीनही भागांचे आकडे घेऊन आम्ही परभणीला परतलो. पुढच्या महिन्यांचे आकडेही तसेच येत गेले आणि मार्चमध्ये डेस्कटॉपवर शेवटचा हिशेब झाला. प्रत्येक विहिरीपुढे मे महिन्यात पाणी किती फुटांवर असेल तो आकडा छापून निघाला. अहवालावर तीन नावं होती. साहेबांचं, सरांचं आणि त्यांच्या मधे माझं. आमच्या शिक्षकांचं नाव राहून गेलं होतं. मी साहेबांना फोन करून सांगितलं, आणि पक्की प्रत आली तेव्हा त्यावर चार नावं होती.

मेमध्ये आम्ही चौघंही पोखर्णीला गेलो. सरांनी त्या उन्हात येऊ नये असं आम्ही सांगून पाहिलं, पण ते डोक्याला उपरणं गुंडाळून जीपमध्ये आधीच बसले होते. पहिल्या विहिरीचा आमचा आकडा होता त्रेचाळीस फूट. साहेबांनी टेप माझ्या हातात दिला. मी काठावर गुडघे टेकून तो खाली सोडला. वजन पाण्याला लागल्याचा हलका आवाज आला, तसा टेप चिमटीत घट्ट धरला आणि वाचला.

साडेबेचाळीस.

"पुन्हा सोड," सर म्हणाले.

पुन्हा सोडला. साडेबेचाळीसच. शिक्षकांनी आकडा वहीत मांडला, सरांनी तो आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि उपरण्याने कपाळ पुसलं. अर्ध्या फुटाचा फरक का पडला, त्यावर ते लगेच बोलायला लागले. बोलत बोलतच आम्ही पुढच्या विहिरीच्या वाटेला लागलो. त्या गावच्या अजून नऊ विहिरी मोजायच्या होत्या.